मरणमावशीचा शेवटचा सिनेमा

माझ्या वहिनीइतक्या वेळा मेलेली दुसरी बाई माझ्या तरी पाहण्यात नाही. उंच इमारतींवरून ती पडली आहे, बुडत्या जहाजात गुदमरली आहे, यंत्रमानवांनी तिला भिंतीवर आपटलं आहे, आणि एकदा तर एका अजस्र किड्याने तिला अख्खीच्या अख्खी गिळलं होतं. दर वेळी मरून झालं की ती काचेपलीकडून माझ्याकडे बघायची आणि विचारायची, “भावजी, बरं होतं का? की परत मरू?”

घाबरू नका, हा धंद्याचा मामला आहे. बाहेरदेशचे सिनेमे आमच्या स्टुडिओत येतात आणि आपल्या भाषेत बोलायला लागतात. मी तिथला रेकॉर्डिस्ट. काचेच्या अलीकडे बसून बटणं फिरवायची, कानाला हेडफोन लावून बारीकसारीक खरखर पकडायची आणि सगळ्यांवर खेकसायचं, हे माझं काम. नायक-नायिकांना आवाज देणारे लोक वेगळे. ते गळ्याला मफलर गुंडाळून येतात, चार वाक्यं बोलतात आणि भाव खाऊन जातात. पण सिनेमात ज्यांना नाव नसतं, एक धड वाक्य नसतं, ज्यांनी फक्त यायचं आणि मरायचं, त्यांचे आवाज कुणी काढायचे? ते माझी वहिनी काढायची. बाया, म्हातारे, पोरं, शिपाई, वेळ पडली तर घोडासुद्धा. स्टुडिओतली तरणी मंडळी तिला मरणमावशी म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईला राग येईल. ती उलट खूश व्हायची. “नुसती मावशी काय, कुणीही असते,” ती म्हणायची.

या धंद्यात ती आली माझ्या विसरभोळेपणामुळे. तेव्हा ती सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर देखरेखीला होती. ओल्या फरशीवरून पळणाऱ्या पोरांना या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडायचं, हा त्या नोकरीचा मुख्य भाग. एकदा मी डबा घरी विसरलो आणि ती तो द्यायला स्टुडिओत आली. आत एक नटी सकाळपासून किंचाळायचा प्रयत्न करत होती. बाई नाजूक आणि किंचाळीही तशीच, उंदीर दिसल्यासारखी. पडद्यावर मात्र तिच्या अंगावर अख्खा पूल कोसळत होता. डबिंगचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, डोकं धरून बसले होते. वहिनीने डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “पूल पडतोय ना? मग ती आधी वर बघेल. वर बघताना माणूस श्वास आत घेतो. ओरडतो नंतर.”

मास्तर वैतागलेलेच होते. “मग दाखवा की ओरडून,” ते म्हणाले.

तिने दाखवलं. माझ्या मशीनचे सगळे काटे लाल रेघेपलीकडे गेले, मी कानावरचा हेडफोन फेकला आणि बाहेरच्या खोलीतला शिपाई धावत आत आला, की कुणाला काय झालं. मास्तरांनी त्याच दिवशी तिला ठेवून घेतलं. त्या गडबडीत माझा डबा कुणीतरी खाऊन टाकला.

काम करताना तिला बघणं हा एक तमाशाच होता. मायक्रोफोनला सगळं ऐकू जातं, म्हणून बांगड्या आणि घड्याळ बाहेर, अंगात धुऊन धुऊन मऊ पडलेला कुर्ता, आणि पोटात गुरगुर होऊ नये म्हणून आधी एक केळं. पोटात गोळी लागायची असेल तर पोटाशी उशी घट्ट दाबायची. बुडायचं असेल तर तोंडात पाण्याचा घोट. पाठीवर वार असेल तर स्वतःच्याच पाठीत बुक्की मारायची, आणि हात पोचला नाही तर मास्तरांना आत बोलवायची. मास्तर भिडस्त माणूस, हळूच थापटायचे. “मास्तर, मला मारायचंय की झोपवायचंय?” ती विचारायची.

पण हे सगळं वरवरचं झालं. मरणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय ती मरत नसे, ही खरी गोष्ट. चित्र थांबवायला लावायची आणि पडद्याला नाक लावून बघत बसायची. “याच्या हातात किल्ल्या आहेत, बघा. म्हणजे हा दार उघडायला निघाला होता. याला घाबरायला वेळच मिळाला नाही, भावजी. हा आश्चर्याने मरणार.” आणि मग तो माणूस असा काही “हं?” करून मरायचा की माझ्या काळजात चर्र व्हायचं. पडद्यावर तो दिसायचा पापणी लवेपर्यंत. प्रेक्षक तेव्हा नायकाकडे बघत असायचे. मी म्हणायचो, “वहिनी, याला कुणी ऐकत नाही हो.”

“त्याच्या घरचे ऐकतील,” ती म्हणायची. सिनेमातल्या त्या माणसाला घर नव्हतंच, हे मी तिला कितीदा समजावलं असेन. शेवटी हात टेकले.

मला स्वतःला हाणामारीचे सिनेमे बिलकूल आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. पोटासाठी मी ते ऐकतो. मला आवडतात शांत सिनेमे, ज्यांत माणसं खिडकीपाशी उभी राहतात, चहा करतात, थोडंसं रडतात. वहिनीला त्यांत जांभया यायच्या. तिचा जीव कशावर, तर पुढच्या काळातल्या मोडक्या जगावर. शहरं जळालेली, पाणी संपलेलं, माणसांवर यंत्रांचं राज्य, आणि कुणीतरी एकटी बाई किंवा बाप्या हातात लोखंडी काहीतरी घेऊन निघालेला. असा सिनेमा आला की ती कामाच्या वेळेआधीच येऊन बसायची.

एकदा चहाच्या सुट्टीत मी न राहवून विचारलं, “तुम्हाला यात आवडतं तरी काय? जो तो दुसऱ्याचा गळा धरतोय, आणि जिथे बघावं तिथे रक्ताचा सडा.”

बिस्कीट चहात बुडवत ती म्हणाली, “तुमच्या सिनेमात माणूस खिडकीपाशी उभा राहतो आणि ‘बघू पुढे’ म्हणतो. इथे ‘बघू पुढे’ म्हणणारा आधी मरतो. मीच मारते ना त्याला.”

“थट्टा नको. खरं सांगा.”

तिने बिस्कीट खाऊन संपवलं. “खरं सांगू? बाहेर आपल्याला ज्याची भीती वाटते त्याला हात लावता येतो का? नोकरी जाईल, आजारपण येईल, म्हातारपणी कुणी विचारणार नाही. कुणाला मारायचं? इथे भीतीला हातपाय असतात, भावजी. डोकं असतं. आणि त्या डोक्यात पाना घालता येतो. दोन तास का होईना, बरं वाटतं. आणि एवढं सगळं मोडलेलं असून त्यातलं एखादं माणूस दुसऱ्यासाठी मागे वळतंच. ते मागे वळतं ना, तिथे मला भरून येतं.”

मी नाक मुरडलं. आणि चहाचा कप घेऊन मशीनकडे वळलो.

मग तिचा आवाज बसायला लागला. आधी तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर भागवलं. मग जेवताना ती आमटीऐवजी काहीतरी भलतंच मागतेय असं आम्हाला ऐकू यायला लागलं, तेव्हा आम्ही तिला धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठ साधी, पण काढायलाच हवी. काढल्यावर काही आठवडे तोंड बंद. पुढे बोलता येईल, हवं तर गुणगुणताही येईल, ओरडणं मात्र कायमचं विसरायचं.

“आणि मरणं?” वहिनीने विचारलं.

डॉक्टर बिचारे गोंधळले. “अहो, म्हटलं ना मी, जिवाला काही धोका नाही.”

मला हसू आवरेना आणि दादाला रडू.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. चष्म्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. बारीक स्क्रू, बारीक पेचकस, आणि माणूसही तसाच, हळू हाताने जपून वागवावा असा. इतक्या वर्षांत त्याने वहिनीचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. “स्वतःच्या बायकोला मरताना ऐकायला मी तिकीट काढून जाऊ?” एवढंच म्हणायचा आणि काच पुसायला लागायचा. वहिनी यावर हसायची, पण ते हसणं मला ठाऊक आहे. मास्तरांनी वाखाणलं, मी वाखाणलं, तरी घरी येऊन सांगावं आणि समोरच्याने कान झाकावेत, याचं तिला दुःख होतं. ती ते कधी बोलून दाखवत नसे.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर ती थांबली आणि दादाला म्हणाली, “अहो, आता शेवटचा एकच करते. त्यानंतर लगेच ऑपरेशन. पण हा एक तुम्ही बघायला यायचं. मी मेलेली सगळी माणसं ऐकायची. कान झाकायचे नाहीत.”

दादाने एकदा वर तिच्याकडे आणि एकदा खाली पायरीकडे बघितलं. “येईन,” तो म्हणाला. डॉक्टरांनी आढेवेढे घेत परवानगी दिली, तीही ‘जपून’ या अटीवर. आता तिचं सगळं त्या एका सिनेमावर येऊन ठेपलं होतं. ज्या कामापायी गळा गेला ते काम नवऱ्याने एकदा तरी ऐकावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

सिनेमा आला तो तिच्या आवडीचा, म्हणजे माझ्या नावडीचा. जमिनीखाली वसलेलं शहर. वर राहणारे लोक नळांतून खाली हवा सोडतात, आणि नेमून दिलेलं काम जो पुरं करणार नाही त्याच्या खोलीचा नळ तोडतात. तोडायला येतात ते मुखवटेवाले. काळं चिलखत, आणि चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत पत्रा. नायिका म्हणजे नळजोडणीचं काम करणारी एक प्रौढ बाई. शेजारच्या खोलीची हवा तुटते, आणि ही मोठा पाना घेऊन जी निघते ती पुढे मुखवटेवाल्यांना पान्याने, साखळीने, ड्रिलने आणि एके ठिकाणी अक्षरशः दाराने मारत सुटते.

हे आम्ही सलग पाहिलं असं समजू नका. सिनेमा चोरीला जाईल याची मोठ्या कंपन्यांना इतकी धास्ती असते की डबिंगसाठी त्या पूर्ण चित्र पाठवतच नाहीत. पडदा काळाकुट्ट. कुणी बोलायला लागलं की तेवढ्या तोंडापुरतं एक गोल भोक उघडतं. मारामारीच्या जागी धुरकट राखाडी चित्र, त्यात सावल्या पडताना दिसतात. रिळंही उलटसुलट येतात आणि शेवटचं सगळ्यांत शेवटी. तरीही वहिनी त्या सिनेमाच्या प्रेमात पडली. एवढ्याशा भोकातून तिला काय काय दिसायचं! खालच्या लोकांचे ओठ सुकून तडकलेले आहेत, हे तिने पहिल्यांदा दाखवलं. एकदा तर तिने मला आत ओढून नेलं. पडद्यावर एका पोराची हनुवटी होती आणि खाली गळ्यात अडकवलेल्या हवेच्या पिशवीचा कोपरा.

“ठिगळ बघा, ठिगळ! पिशवी फाटली म्हणून कुणीतरी सुईदोरा घेऊन ठिगळ लावलंय. प्रेक्षकाला हे दिसणारसुद्धा नाही. तरी लावलंय. भावजी, ज्याने हे लावलं ना, तो माझा माणूस.”

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सिनेमाबरोबर जी आवाजाची फीत येते तिच्यातून मूळ भाषेतले संवाद काढून टाकलेले असतात. ते काढताना पुष्कळदा कण्हणं, धापा, किंकाळ्याही निघून जातात. मग पडद्यावर माणूस पडतो आणि त्याच्या आवाजाच्या जागी नुसतं भोक असतं. ती भोकं बुजवायची, हे मरणमावशीचं काम. एरवी मूळ आवाज ऐकून खात्री करून घेता येते. या कंपनीने भीतीपोटी मूळ आवाजाचेही फक्त बोलण्यापुरते तुकडे पाठवले होते. आणि या सिनेमात मुखवटेवाले पडायचे तिथे भोकच भोक होतं. एकाचाही आवाज नाही. आम्ही म्हटलं, नेहमीचंच आहे.

वहिनीने कंबर कसली. डॉक्टरांचं ‘जपून’ पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवलं. शेवटचा सिनेमा, नवरा ऐकायला येणार, आणि मरायला एवढी माणसं! पत्र्याआडचा चेहरा दिसत नव्हता, तर ती चालण्यावरून, खांद्यांवरून माणूस ओळखायची. एक उंच होता, त्याला पडायला वेळ लागायचा. एक नवखा, पुढे यायला कचरणारा. एक दमलेला, ज्याला मरताना हायसं वाटलं. हा दमलेला तर तिने असा केला की मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. “बाई, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे हे,” ते म्हणाले. तयार रिळं आम्ही कंपनीच्या इथल्या कचेरीत पाठवली. अख्खा सिनेमा त्यांनीही पाहिलेला नव्हता, पण तिथूनही शाबासकी आली. वहिनीचा आवाज तोवर सुतासारखा बारीक झाला होता. घरी ती खुणेनेच मीठ मागायची. पण चेहऱ्यावर असं समाधान, की दादाही एकदा तिला म्हणाला, “जमलंय म्हणजे.”

शेवटचं रीळ आलं ते एका दुपारी. दुसऱ्या दिवशी सगळं पाठवून द्यायचं होतं. आम्ही तिघंच होतो. मी काचेअलीकडे, वहिनी आणि मास्तर आत. पडदा काळा झाला, मग भोक उघडलं. त्यात मुखवट्याचा पत्रा होता. नायिकेचा हात आला, त्याने पत्रा उपसून काढला. खाली माणसाचं तोंड होतं. ओठांतून एक पातळ नळी घशात उतरली होती. हाताने ती नळी ओढून काढली. ओठ हलले. कागदावर त्या जागी एवढंच लिहिलं होतं, की मुखवटेवाली पहिल्यांदाच आवाज काढायचा प्रयत्न करते.

“पहिल्यांदाच कसं?” वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. “आत्तापर्यंत तर सगळे बोंबलत होते.”

“लिहिणाऱ्याने काहीतरी लिहिलंय हो,” मास्तर म्हणाले. “करून टाका.”

तिने ते चित्र परत लावायला सांगितलं. परत एकदा. मग ती स्टुलावर बसली. मला हेडफोनमध्ये तिचा नुसता श्वास ऐकू येत होता.

“मास्तर,” ती शेवटी म्हणाली, “यांच्या घशात नळ्या होत्या. सगळ्यांच्याच असणार. यांना ओरडताच येत नव्हतं.”

मास्तरांनी कागद पुन्हा हातात घेतला.

“ती भोकं नव्हती हो. हे लोक मुकेच पडत होते. बघणाऱ्याला वाटायला हवं की ही यंत्रं आहेत. त्याने शिट्ट्या माराव्यात, टाळ्या वाजवाव्यात, आणखी मार म्हणावं. आणि मग शेवटी हा पत्रा निघतो.” तिने कपाळाला हात लावला. “आणि मी यांना पहिल्यापासूनच माणसं करून टाकलं.”

मी कानावरचा हेडफोन उतरवून ठेवला. कारण ती बरोबर होती, आणि ते मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

मास्तरांनी खूप समजावलं. रिळं गेलीत, पसंत पडलीत, उद्याची तारीख आहे, कुणाला कळणार आहे. मीही आत गेलो. खरं सांगायचं तर मला सिनेमाची पडलेली नव्हती, मला दादाची पडली होती. मी म्हटलं, “वहिनी, दादा ऐकायला येणार आहे. हे सगळं पुसलं तर तो ऐकणार काय? पुन्हा तर काही करता यायचं नाही तुम्हाला.”

“ते मला सांगू नका,” ती म्हणाली. “ते मला तुमच्याआधी कळलंय.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रागावलेली होती, स्वतःवरच. “एवढा सुंदर सिनेमा. कुणी कुणी बसून ठिगळं लावलीत यासाठी. आणि मी मधेच उभी राहून केकाटतेय. पुसा.”

“निदान एखाददुसरा राहू दे.”

“भावजी, पुसा म्हणते ना!”

पुसायला काय लागतं? एक बटण दाबायचं. पण तिने घातलेली अट अशी, की आधी एकदा ऐकायचं आणि मग पुसायचं. मी एकेक मरण लावत गेलो. उंच. नवखा. दाराखाली सापडलेला. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि संपलं की बोटाने खूण करत होती. एकदाही तिने ‘हे राहू दे’ म्हटलं नाही. दमलेला आला तेव्हा माझंच बोट पुढे होईना. तेवढं तिने काचेअलीकडे येऊन स्वतः दाबलं. आयुष्यात मी पुष्कळ मोठमोठे कलावंत काचेपलीकडे पाहिलेत. त्या दुपारी बाईने जे केलं ते करायची त्यांच्यातल्या एकाचीही छाती झाली नसती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मास्तर बाहेर फोनवर कचेरीला सांगत होते, “चूक माझी आहे, रिळं परत पाठवा.”

राहिला तो एकच आवाज, त्या पत्र्याखालच्या बाईचा. मास्तर म्हणाले, आज विश्रांती घ्या, उद्या सकाळी करू. वहिनीने मान हलवली. “आजचाच गळा पाहिजे.” या वेळी तिने उशी घेतली नाही, पाण्याचा घोट घेतला नाही, बाई कोण, कुठली, ही चौकशीही केली नाही. नुसती उभी राहिली. पडद्यावर ओठ हलले. आधी फक्त हवा आली. मग त्या हवेत काहीतरी अडकलं. मग एक लहानसा ‘अ’, आणि तोही मधेच सांडला. माझ्या मशीनचा काटा जेमतेम जागचा हलला. मास्तर ‘परत एकदा’ म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. नीट झालं. तोंडाला कुलूप, डॉक्टरांची सक्त ताकीद. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सिनेमा लागला. दादाने आपण होऊन तिकिटं आणली, अगदी मधल्या रांगेची, आवाज नीट यावा म्हणून. स्टुडिओत काय घडलंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीला बोलायची बंदी होती आणि मला तिने डोळे वटारून गप्प बसवलं होतं. मी मूग गिळून त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या पलीकडे ती.

बिचारा दादा! डोळे बारीक करून, मान पुढे काढून तो ऐकत होता. पहिला मुखवटेवाला पडला तसा माझ्या कानाशी लागला, “ही का रे?” मी म्हटलं, नाही. दुसरा पडला. “मग ही?” नाही. मुखवटेवाले पडत होते, कपाट पडावं तसे, धाडकन, बिनआवाजी. आणि थिएटर पेटलं होतं. मागचा एक जण दर पान्याला शिट्टी मारत होता. एका बाईने तर ‘घाल, अजून एक घाल!’ म्हणून नायिकेला मोठ्यांदा सल्ला दिला. आणि गंमत सांगतो, दाराची मारामारी आली तेव्हा मी, जन्मभर नाक मुरडलेला माणूस, टाळी वाजवून मोकळा झालो. काय तो जोर! काय तो सूड! माझी अडलेली पगारवाढ, माझी गुडघेदुखी, वरच्या मजल्यावर सकाळी फर्निचर सरकवणारे ते लोक, सगळ्यांच्या डोक्यात मी तो पाना घालून घेतला. वहिनीने वाकून माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या.

दादाने विचारायचं सोडून दिलं होतं. तो खुर्चीत मागे टेकून बसला. त्याला वाटलं असणार, आपल्यालाच ओळखता येत नाही. एवढी वर्षं ऐकायचं टाळलं, आता ओळखणार कुठून?

मग तो शेवटचा प्रसंग आला. आम्हीही तो पहिल्यांदाच सबंध पाहत होतो. पत्रा निघाला. खाली एका प्रौढ बाईचा चेहरा होता, केस घामाने चिकटलेले, डोळे उजेडाने मिटलेले. नळी निघाली. आणि तो आवाज आला.

थिएटर असं गप्प झालं की मला पंख्यांची घरघर ऐकू आली. मागचा शिट्टीवाला अगदी हळू म्हणाला, “अरे बापरे, ही माणसं होती.”

दादा ताठ बसला. त्याने वहिनीचा हात धरला आणि त्या शांततेत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा नेहमीच्या आवाजात म्हणाला, “ही तू आहेस.” पुढून कुणीतरी ‘शू’ केलं. दादाला त्याचं भान नव्हतं. “लिफ्ट बंद असली की जिने चढून दारात येतेस. काहीतरी सांगायचं असतं आणि दम पुरत नाही. तेव्हा अशीच करतेस. तूच आहेस ही.”

वहिनीने मान हलवली. ती रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हीचा आवाज काढायची तिला परवानगी नव्हती. पडद्यावर नायिका पाना खाली टाकून त्या बाईपाशी बसली होती आणि मागे पडलेल्या सगळ्या मुखवट्यांकडे वळून बघत होती. दादाही बघत होता. मग त्याने माझ्याकडे तोंड केलं.

“आणि आधीचे ते सगळे?” त्याने विचारलं. “त्यांचं कुणी केलं?”

“तेही हिनेच,” मी म्हणालो.